तापीकाठच्या काळ्या जमिनीत अंगणातली झाडं: निगा, छाटणी आणि बुंधा काढणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चोपडा, यावल, रावेरपासून भुसावळ, जळगावपर्यंत घराभोवतीच्या झाडांबद्दल लोक वर्षभर जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. आपल्याकडची माती काळी, चिकण आणि खोल आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पुण्या-कोकणातल्या बागेला लागू पडणारा सल्ला इथे जसाच्या तसा वापरला की झाडाचं नुकसान होतं. पाणी, लागवड, बुंध्याची खोदाई, सगळ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: काळ्या जमिनीत हात घालायचा तो वाफसा, म्हणजे ना चिखल ना ढेकूळ अशी कामाजोगी ओल, बघून.

१. काळी माती सुपीक म्हणतात, मग आमच्या अंगणातली झाडं का सुकतात?

माती सुपीक आहेच. पण ती हलते. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत अतिशय बारीक चिकणकण असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. ऑगस्टमध्ये मातीतली हवेची जागा पाण्याने भरते आणि मुळं गुदमरतात. मे महिन्यात त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं ताणून तुटतात. त्यात अंगण म्हणजे शेत नव्हे. बांधकामाच्या वेळी तिथे ट्रक फिरलेले असतात, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडा पुरलेला असतो, वर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. फरशी खोडाला टेकली असेल तर आधी ती फोडा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये खोडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. घरीही निदान तेवढी जागा मोकळी ठेवा.

२. वाफसा आला हे कसं ओळखायचं?

वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर गोळा सहज फुटला, हाताला चिकटला नाही, तर वाफसा आहे. दोन बोटांत माती चोळल्यावर चकचकीत पट्टी निघाली तर अजून ओल जास्त आहे, थांबा. गोळाच होत नसेल, ढेकूळ दगडासारखं लागत असेल, तर पाणी देऊन दोन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. मोठ्या पावसानंतर आपल्या खोल जमिनीत वाफसा यायला आठवडासुद्धा लागतो. घाईने ओल्या मातीत खोदलं, त्यावर चाललं, की ती लादीसारखी बसते आणि पुढे वर्षभर तशीच राहते.

३. उन्हाळ्यात झाडाला किती पाणी द्यावं?

हा प्रश्न लिटरमध्ये विचारला जातो, पण उत्तर खोलीत शोधायचं असतं. १० मिमीची लोखंडी सळई घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती जमिनीत दाबा. जिथपर्यंत ओल आहे तिथपर्यंत ती सरकते, पुढे अडते. वाढत्या झाडाला दीड-दोन फूट ओल मिळायला हवी. रोज संध्याकाळी पाइपने खोडावर पाणी मारलं तर वरची चार बोटं ओली होतात. मुळंही वरच राहतात आणि पहिल्या उन्हाच्या झळीला झाड मान टाकतं.

पाणी खोडाशी देऊ नका. फांद्यांच्या टोकाखाली, म्हणजे दुपारच्या सावलीच्या कडेला, गोल आळं करा. पाइपची धार बारीक ठेवा, कारण ही माती पाणी सावकाश पिते आणि मोठी धार वरून वाहून जाते. नवीन रोपाला तीन-चार दिवसांनी आणि दोन-तीन वर्षांच्या झाडाला आठवड्याने पाणी द्या. फळं धरलेल्या आंब्याला दहा-पंधरा दिवसांनी पुरतं. जुना कडुनिंब किंवा चिंच आपलं पाणी आपण शोधते. फार तर उन्हाळ्यात दोनदा खोल पाणी द्या. ठिबक बसवलं असेल तर झाड वाढेल तसे ड्रीपर बाहेर सरकवा. पाच वर्षांच्या आंब्याच्या खोडाला चिकटलेला ड्रीपर मुळांच्या काही कामाचा नसतो.

आच्छादन मात्र हवंच. केळीची वाळकी पानं आपल्याकडे कुठेही मिळतात. त्यांचा चार-पाच बोटं जाड थर आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडा.

४. भेगांत पाणी सोडलं तर मुळांपर्यंत लवकर पोचेल ना?

पोचतं, पण थांबत नाही. भेगेतून पाणी खोल निघून जातं आणि मधली माती कोरडीच राहते. उलट उघड्या भेगांतून उरलीसुरली ओलही उडते. आधी वरची दोन-तीन बोटं माती खुरप्याने भुसभुशीत करून भेगा बुजवा, मग आळ्यातून सावकाश पाणी द्या. शेतकरी कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते याच कारणाने. भेग बुजवायला वाळू किंवा खडी मात्र टाकू नका. पावसाळ्यात माती फुगली की तिला जागा उरत नाही.

५. खड्डा केवढा घ्यावा? लाल माती आणून भरावी का?

दोन-दोन-दोन फुटांचा खड्डा पुरतो. तो मे महिन्यात घ्या आणि उन्हात तापू द्या. खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतात, त्या टिकावाने खरवडा. नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात. भरायला निघालेली तीच काळी माती घ्या आणि त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. लाल माती किंवा वाळूने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा तुंबतो. आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही आणि रोप बुडून मरतं. दोन चांगले पाऊस झाल्यावर, वाफशावर, रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवट्यावर लावा.

६. घरापासून कोणतं झाड किती लांब लावावं?

वड, पिंपळ, उंबर प्लॉटमध्ये नकोतच. त्यांना मोकळं मैदान हवं. कडुनिंब, चिंच, करंज यांना २० ते २५ फूट आणि आंब्याला निदान १५ फूट अंतर ठेवा. पारिजातक, लिंबू, कढीपत्ता सात-आठ फुटांवर चालतात. गुलमोहर आणि शेवगा गाडी लावायच्या जागेवर लावू नका. लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. जागा असेल तर एक बोर जरूर लावा. मेहरूणच्या बोरांचं नाव ज्या जमिनीत झालं, तीच ही जमीन आहे.

७. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. खत कमी पडतंय का?

बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. आपल्या जमिनीत चुनखडी जास्त आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास, त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसती जमिनीत टाकली तर तीही तशीच अडकते. पाच ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा. त्याआधी आळ्यात पाणी साचत नाही ना, ते पाहा. तुंबलेल्या मुळांचं झाडही असंच पिवळं दिसतं आणि मग फवारणीचा उपयोग होत नाही. नवीन नव्हे तर जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं असतं. तिथे शेणखत द्या.

८. छाटणी कधी करावी आणि किती?

एप्रिल-मे मध्ये नाही. सावलीत वाढलेल्या सालीवर अचानक ४५ अंशांचं ऊन पडलं की ती पश्चिमेच्या बाजूने भाजून उकलते आणि त्याच फटीत किडा शिरतो. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर करा. कडुनिंब, करंज यांची थंडी सरता सरता, नवी पालवी फुटायच्या आधी. वाळलेली किंवा मोडलेली फांदी केव्हाही काढता येते. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथा भागही काढू नका. कापण्याआधी घरटी बघा. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. परवानगीचं प्रश्न १४ मध्ये आहे.

९. मोठी फांदी साल न सोलता कशी कापायची?

तीन कापांत. खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने तिसरा हिस्सा जाडीपर्यंत पहिला काप घ्या. त्याच्या चार बोटं बाहेर वरून दुसरा काप घेतला की फांदीचं वजन खाली जातं आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेलं ठूठ शेवटच्या कापात काढा. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सुरकुत्यांची एक फुगीर कड असते. ती कड झाडाकडे ठेवून तिच्या लगत बाहेर कापा. जखम याच कडेच्या पेशी भरून काढतात. ती खोडाला सपाट घासून उडवली की जखम वर्षानुवर्षं उघडी राहते आणि आत पोकळी होते. मनगटापेक्षा जाड, डोक्यावरची किंवा तारेजवळची फांदी स्वतः कापू नका. तारेसाठी वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो.

१०. झाड फार उंच झालंय. शेंडा उडवून बोडकं केलं तर?

करू नका. बोडक्या झाडाला कापाच्या कडेने झुडपासारखे फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात, दोन-तीन वर्षांत जड होतात आणि वादळात आधी तेच पडतात. कापलेला शेंडा वरून कुजत खाली येतो. भीती वाटते ती उंचीची, पण निरोगी उंच झाड बोडक्या झाडापेक्षा सुरक्षित असतं. पसारा कमीच करायचा असेल तर लांब फांदी तिच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपाशी आखूड करा.

११. खोडाला चुना-गेरू लावून उपयोग होतो का? आणि मोरचूद?

चुन्याचा पांढरा रंग ऊन परतवतो. कोवळ्या झाडाला आणि छाटणीने उघड्या पडलेल्या खोडाला त्याचा खरा फायदा होतो. डिंक गळत असेल किंवा पावसाळ्याच्या तोंडावर मोठी जखम झाली असेल तर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडाला ती खाते. ऑइल पेंट आणि डांबर नको. पोकळीत सिमेंट भरणं तर सर्वांत वाईट, आत ओल कोंडते. खोडाला बांधलेली कपड्यांची तार आणि लायटिंगच्या माळाही काढा. तार सालीत रुतली की वरचा भाग हळूहळू उपाशी पडतो.

१२. खोडावर मातीचे पापुद्रे आणि खाली भुसा दिसतो. दोन्ही वाळवीच का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीचे पापुद्रे वाळवीचे. ती बहुधा मेलेली सालच खाते. ब्रशने खरवडा, मुळाशी पडलेलं वाळकं लाकूड हलवा, झाडाला पाणी द्या. लाकडाचा भुसा आणि विष्ठा छिद्रातून पडत असेल तर भिरूड आहे आणि ती खोड आतून पोखरते. जाळी साफ करून सायकलची तार छिद्रात घाला, अळी टोचली जाईपर्यंत फिरवा, मग छिद्र ओल्या मातीने बंद करा. आठवड्याने पाहा. ताजा भुसा पडला असेल तर पुन्हा करा.

१३. खोडाभोवती जमिनीला भेग पडली आहे. झाड पडेल का?

आपल्याकडे हे ओळखणं अवघड आहे, म्हणून नीट पाहा. मातीच्या आकसण्याने पडलेल्या भेगा अंगणभर असतात, वेड्यावाकड्या असतात, पाऊस पडला की मिटतात. त्यांची काळजी नको. पण भेग एकाच बाजूला, कोयरीसारखी वळलेली, झाड झुकलंय त्याच्या विरुद्ध अंगाला असेल आणि तिथली जमीन उचललेली दिसत असेल, तर मुळांचा गड्डा सुटतो आहे. वाऱ्याच्या वेळी लांबून पाहिलं तर ती जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. असं झाड भर पावसात, माती मऊ झाल्यावर पडतं. त्याखालून माणसं आणि गाड्या हलवा, फोटो काढा आणि नगरपालिकेला किंवा अग्निशमन दलाला लगेच कळवा. वर्षानुवर्षं तिरकंच वाढलेलं आणि शेंडा सरळ वर वळवलेलं झाड या धोक्यात मोडत नाही.

१४. झाड माझ्या प्लॉटमध्ये, मीच लावलेलं. तरी परवानगी लागते?

लागते. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. झाडाचे फोटो, जागेचा उतारा, तोडण्याचं कारण सोबत द्या. झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात, म्हणून जूनमध्ये तोडायचं असेल तर मार्चमध्ये अर्ज करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष मानली जातात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. फांद्यांच्या मोठ्या छाटणीसाठीही आधी विचारा. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, मोह, खैर, चंदन अशा झाडांना तिथे परवानगी हवी.

१५. खोडाला भोक पाडून हिंग किंवा ॲसिड भरलं की झाड आपोआप वाळतं म्हणतात. मग परवानगी कशाला?

कायद्यात झाड जाळणं आणि इजा करणं हेही तोडण्यातच धरलं आहे. वाळलं म्हणून सुटका होत नाही. आणि उभं वाळलेलं झाड हिरव्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण ते कधी आणि कुणावर पडेल याचा भरवसा नाही. तोडणाऱ्यालाही त्यावर चढता येत नाही. अडचण खरी असेल तर ती अर्जात मांडा.

१६. झाड कापलं. बुंधा काढायलाच हवा का?

नेहमी नाही. वाटेत येत नसेल, तिथे बांधकाम किंवा नवं झाड नको असेल, तर जमिनीलगत कापून त्यावर माती आणि शेण टाकून ठेवा. ओल मिळाली तर काही वर्षांत तो कुजतो. चिंच आणि कडुनिंबाचं लाकूड टिकाऊ, वेळ जास्त लागतो. घराच्या भिंतीला लागून असेल तर मात्र काढा, कुजक्या लाकडात वाळवी वाढते आणि तिथून चौकटीकडे जाते. पोकळ बुंध्यात साप बसतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने आवाज करा.

१७. बुंधा कसा आणि कोणत्या दिवसांत काढावा?

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाफशावर. मे मध्ये पहार जमिनीवरून उडते आणि जुलैमध्ये खड्डा पाण्याने भरतो.

काढायचाच असेल तर झाड कापतानाच कापणाऱ्याला सांगा: तीन-चार फूट खोड उभं ठेव. तीच तरफ होते. जमिनीलगत कापलेला बुंधा ओढायला काही धरायलाच उरत नाही. खोडापासून दोन-अडीच फुटांवर गोल चर खणा. दिसेल ते आडवं मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा बाहेर काढा, म्हणजे कुऱ्हाड फिरवायला जागा होते. कुऱ्हाड जुनी वापरा, मातीतल्या खड्यांनी धार जाते. शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि फावडं सारखं बुडवत राहा. कोरड्या फावड्याला ही माती अशी चिकटते की अर्धी ताकद ती सोडवण्यातच जाते. आडवी मुळं सुटली की एका बाजूने बुंध्याखाली खोल जा आणि सोटमूळ कापा. मग चेन पुलीने ओढा. पुली दुसऱ्या जिवंत झाडाला किंवा कंपाउंडच्या खांबाला बांधू नका. पहिल्याची साल जाते, दुसरा उखडून येतो.

मोठ्या झाडाला जेसीबी लावावाच लागतो. त्याआधी नळाची लाइन, विजेची केबल, शोषखड्डा कुठे आहे ते चुन्याने आखा. ओल्या जमिनीवर जेसीबी आणू नका. तो रुततो आणि चाकाखालची माती पुढे काही वर्षं पाणी पीत नाही.

खड्डा त्याच मातीने, अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर धुमसत भरा आणि वर वीतभर उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात तो खाली बसतो.

१८. जाळून किंवा मीठ टाकून बुंधा संपवता येईल का?

जाळणं धोक्याचं आहे. मुळं भेगांतून येणाऱ्या हवेवर जमिनीखाली दिवसच्या दिवस धुमसतात आणि विस्तव कुठे निघेल सांगता येत नाही. भोवतीची माती भाजून विटेसारखी होते. मीठ तर या मातीत अजिबात नको. पुढे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्याची, म्हणजे खारट पाण्याच्या जमिनीची, काय अवस्था आहे ते आपण पाहतो. मिठातल्या सोडियमने चिकण मातीची घडण मोडते, ती पाणी आत घेत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. घाई नसेल तर बुंध्याला उभी भोकं पाडून त्यात युरिया आणि पाणी भरा, वर ओलं शेण झाका. कुजणं थोडं लवकर होतं, एवढंच.

१९. कापलेल्या सुबाभळीला पुन्हा पुन्हा फुटवे येतात. काय करू?

फुटवा वीतभर झाला की बुडापासून ओरबाडून काढा, कापू नका. कापल्यावर एकाचे चार होतात. बुंध्यात साठलेलं अन्न संपेपर्यंत सातत्य ठेवावं लागतं. शेंगा तडकून पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहील, ती रोपं पावसाळ्यात हातानेच उपटा.

२०. जुनं झाड तोडल्यावर घराला उलट जास्त भेगा पडल्या. असं कसं?

असं होतं, आणि तोडण्याआधी हे कुणी सांगत नाही. मोठं झाड दर उन्हाळ्यात पायाखालच्या मातीतलं पाणी ओढत होतं. ते गेल्यावर माती पावसाळ्यागणिक भिजत, फुगत जाते आणि वरचं हलकं बांधकाम, म्हणजे पोर्च, कंपाउंड, फरशी, उचलते. हे दोन-चार वर्षं चालू शकतं. मे मध्ये उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी भेग ही मातीची नेहमीची हालचाल असते. सतत रुंदावत जाणारी भेग मात्र इंजिनिअरला दाखवा. गळका ड्रेनेज पाइपही हेच करतो, तो आधी तपासा. काळ्या जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झालेले, तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब) घराखाली असतील तर धोका बराच कमी. झाड घराआधीचं असेल तर तोडण्याचा निर्णय इंजिनिअरला विचारूनच घ्या.

२१. बुंधा काढला त्याच जागी नवं झाड लावता येईल?

चार-पाच फूट सरकून लावा. तिथे उरलेली मुळं आणि भुसा कुजताना मातीतला नत्र ओढून घेतात, रोप पिवळं राहतं. जागा तीच हवी असेल तर भुसा काढून शेणखत घाला आणि एक पावसाळा जाऊ द्या. पुढचं प्रश्न ५ प्रमाणे.

२२. भिंतीत पिंपळ उगवलाय. कापून टाकू?

नुसता कापला तर मुळं भिंतीत जाड होत राहतात. रोप बोटाएवढं असतानाच, पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळासकट ओढा. घरात पिंपळ तोडायला मन धजत नसेल तर ते रोप कुंडीत लावा आणि पुढच्या पावसात एखाद्या मोकळ्या जागी नेऊन लावा. मुळांसह निघालेलं रोप सहसा जगतं. भिंतीची फट लगेच भरा.

२३. शेजारच्यांच्या झाडाच्या फांद्या आमच्या गच्चीवर येतात. आम्ही कापू का?

आधी त्यांच्याशी बोला आणि शक्यतो दोघांच्या सहीचा एकच अर्ज द्या, काम लवकर होतं. आपल्या हद्दीतली फांदी असली तरी प्रश्न १४ मधली परवानगी लागतेच. आणि एकाच बाजूने सगळ्या फांद्या उडवल्या तर झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला, म्हणजे त्यांच्या घरावर जातो.

२४. अंगणात चंदन आपोआप उगवलंय. ठेवावं की काढावं?

ठेवा. ते शेजारच्या झाडांच्या मुळांवर थोडंफार जगतं, म्हणून जवळचं झुडूप काढू नका. खोड जाड होऊ लागलं की चोरीची भीती असते. तेव्हा सातबारा किंवा मालमत्ता उताऱ्यावर त्याची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर करून घ्या. तोडणं आणि लाकूड हलवणं या दोन्हीसाठी वनविभागाची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते.